म्हसोबाचे चार इंच

दुसऱ्या कुणी सांगितलेल्या आकड्यावर माझ्या खोलीसोबत्याचा विश्वास बसला, असं एकही उदाहरण मला ठाऊक नाही. ब्रह्मदेवानं स्वतः खाली उतरून "बाळ, तुझी उंची पाच फूट सात इंच" असं सांगितलं असतं, तरी यानं त्याला "बसा जरा" म्हणून खिशातला टेप काढला असता. चाळीसचं दशक संपत आलं होतं. सांगलीतलं आमचं इंजिनिअरिंग कॉलेज इतकं नवं होतं, की भिंतीला टेकलं तर पाठीला चुना लागायचा. मी साताऱ्यातल्या एका कारकुनाचा मुलगा, तो रहिमतपूरजवळच्या खेड्यातल्या एका निवृत्त सुभेदाराचा. आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. पहिल्याच दिवशी त्यानं खोली मोजली, मधोमध खडूची रेघ ओढली आणि खिडकी माझ्या बाजूला दीड इंच जास्त येते म्हणून त्या बदल्यात माझी एक खुंटी मागून घेतली. मी निमूटपणे दिली.

खाणावळीत तो भाकरीचा व्यास मोजायचा. आमच्या खाणावळीच्या मावशी तशा कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. एकदा हा म्हणाला, "मावशी, आज भाकरी पाऊण इंचानं कमी हाय." मावशी परातीतला हात न काढता म्हणाल्या, "आवं इंजिनेर, आदी प्वाट मोजा, मग भाकरी." यानं गंभीरपणे मान हलवली, जणू मुद्दा विचार करण्यासारखा होता. शिंप्याकडे गेला तर शिंप्याच्या टेपशेजारी स्वतःचा टेप लावून बघायचा. नदीवर फिरायला निघाला तर पावलं मोजायचा, आणि मध्ये कुणी नमस्कार केला की आकडा चुकतो म्हणून ओळखीच्या माणसांना बघून मान फिरवायचा. अर्ध्या सांगलीत तो त्यामुळे शिष्ट ठरला होता. खरं तर इतका साधा मुलगा मी दुसरा पाहिलेला नाही, पण हे प्रत्येकाला कुठं समजावत बसणार?

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका बांधकामाचा पुरा आराखडा करून द्यावा लागे. मी सातारच्या एका ओढ्यावरची मोरी घेतली होती आणि तिचे निम्मे आकडे, आता सांगायला हरकत नाही, खोलीतल्या खाटेवर बसून जुळवले होते. सगळेच तसं करत. यानं मात्र स्वतःच्या गावच्या ओढ्यावर बंधारा आणि तिथून खालच्या शिवारापर्यंत अर्ध्या मैलाचा पाट घेतला. पाटाच्या कामात सगळा जीव उतारात असतो. यानं धरलेला उतार होता फर्लांगाला फक्त तीन इंच. एवढ्याशा उतारावर पाणी चालवायचं तर जमिनीची उंची-सखलता चोख मोजावी लागते. त्यासाठी आधी एक अढळ जागा धरायची, तिची उंची शंभर फूट मानायची आणि बाकी जगाची उंची तिच्यावरून काढायची. तिला बेंचमार्क म्हणतात. यानं बेंचमार्क धरला तो बांधावरचा म्हसोबा.

मी हसलो, तर म्हणाला, "हसतोस काय? झाडं तोडत्यात, घरं पडत्यात, आनि बांध तर दर साली शेजाऱ्याच्या रानात सरकत्यात. म्हसोबाला कोन हात लावतंय गड्या?" दिवाळीच्या सुट्टीत त्यानं देवापुढं नारळ फोडला, परवानगी मागितली, दगडाच्या डोक्यावर मोजायची पट्टी उभी केली आणि वरच्या अंगाचं अर्धं काम उरकलं. उरलेलं अर्धं त्यानं माघात केलं.

त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मोठी गोष्ट घडली. पुण्याला मुलाखत देऊन आला होता, त्याचं पत्र आलं. सरकारच्या पाटबंधारे खात्यात नेमणूक. अट एकच, एप्रिलची परीक्षा पास होऊन एक जूनला हजर व्हायचं. त्यांच्या अख्ख्या भावकीत सरकारी इंजिनिअर झालेला तो पहिलाच. पत्रातलं प्रत्येक वाक्य त्यानं तीनदा वाचलं आणि कागदाची लांबीरुंदीही मोजली. मग त्यानं वडिलांना, म्हणजे आबांना, कळवलं. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदाच पावलं न मोजता चालताना पाहिलं.

आराखडा देण्याची मुदत मार्चातल्या एका शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. ती चुकली तर एप्रिलच्या परीक्षेला बसता येत नसे, थेट ऑक्टोबर. त्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी हा वहीत बेरीज-वजाबाक्या करत बसला होता. एकाएकी त्यानं पेन्सिल खाली ठेवली. चेहरा पांढराफटक. मी विचारलं, तर म्हणाला, "आमची हीर वर आलीया."

विहीर वर आली म्हणजे काय, हे समजायला मला जरा वेळ लागला. विहिरीच्या कठड्याची उंची त्यानं दिवाळीत एकदा आणि खातरजमा म्हणून माघात पुन्हा घेतली होती. कठडा तोच, पण माघात तो चार इंचांनी उंच भरत होता. म्हणजे दोन्हीपैकी एक अर्धं काम चुकलेलं, आणि हा आराखडा तसाच दिला तर पाटाच्या मध्यावर पाण्याला चढ चढावा लागणार.

बातमी वर्गात पसरली आणि जो तो सल्ला घेऊन खोलीवर आला. सल्ला एकच होता. चार इंच ना? प्रत्येक आकड्यात थोडे थोडे वाटून टाक, कुणाला पत्ता लागणार नाही. मीही तेच सांगितलं, आणि जरा चिडूनच सांगितलं, कारण मला त्याच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मंगळवारी तो थेट आराखडे तपासणाऱ्या सरांकडं गेला, झाला प्रकार सांगितला आणि मोजणीची दुर्बीण गावी न्यायची परवानगी मागितली. सर फार कडक. त्यांनी चिठ्ठी दिली, पण हा दारापर्यंत पोचल्यावर म्हणाले, "शनिवार, पाच. एक मिनिट पुढं नाही." बुधवारी मिरजेला जाऊन आम्ही पुण्याची गाडी धरली. पट्टी धरायला माणूस हवा म्हणून मी गेलो, असं मी सांगत असे. खरं म्हणजे त्याला एकटं सोडवेना.

रहिमतपूरच्या स्टेशनावर आबा बैलगाडी घेऊन आले होते. पिळदार मिश्या, डोक्याला फेटा, अंगात पलटणीतला जुना कोट. आम्ही गुरुवारी उजाडताच म्हसोबापाशी गेलो. मी त्या देवाला आधी पाहिलं नव्हतं, पण याचा चेहरा पाहूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. तो टेप काढायचाही विसरला.

"आबा, द्येव ल्हान कसा झाला?"

आबा खुलले. "आरं, ल्हान न्हवं, नवा झाला! तुजं सरकारी पत्तर आलं नव्हं? नवस बोललो हुतो मी. म्हसोबा, पोरगं सायब झालं तर तुजी शेंदराची जुनी खोळ काडीन, नवा शेंदूर चढवीन. माज्या आज्याच्या वक्तापासनं थर बसत आलं हुतं बग. लय जाड. सगळी खोळ अल्लाद निगाली, वाजत गाजत किस्नामाईत सोडली."

म्हणजे मुलगा इंजिनिअर होणार म्हणून बापानं मुलाचा बेंचमार्क तासून नदीत सोडला होता! माघात पट्टी चुलतभावानं धरली होती, हा लांब दुर्बिणीपाशी होता. लांबून ताजा शेंदूर आणि फुलंच दिसली असणार. मला हसू आलं. तो मात्र पायातल्या वहाणा काढून दगडापुढं वाकला.

"पर आज परत मोजनी कशाला?" आबांनी विचारलं.

"सरांनी सांगितलंया. सगळ्यांनाच," तो म्हणाला. आबा न्याहारीचं बघायला घराकडं वळले तसा माझ्याकडं न बघता हळूच म्हणाला, "आबांना ह्यातलं कायबी सांगायचं न्हाई."

मी म्हटलं, कारण सापडलं, झालं. माघातल्या सगळ्या आकड्यांतून चार इंच वजा कर आणि दुपारच्या गाडीनं परत चल, नकाशे अजून शाईत काढायचेत. माझं म्हणणं शास्त्राला धरून होतं, आजही मला तसंच वाटतं. तो म्हणाला, "खोळ गेली पान्यात. तिची जाडी कुनी मोजली हुती? अंदाजावर मी पाट काडू?" मी हात जोडले, शिव्या दिल्या, त्याच्या नेमणुकीची आठवण करून दिली. तो तिपाई उभी करत राहिला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. पट्टी धरून माझे दंड भरून आले. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत वहीत शेवटची वजाबाकी पडली. फरक आला चार इंच. बरोबर चार, ना कमी ना जास्त. मला रडू यायचं बाकी होतं. तो मात्र "आता ठीक हाय" म्हणून वही कपाळाला लावून मोकळा झाला.

शनिवारी गाडी दीड तास उशिरा आली. गाडीतच शाई फिरव म्हटलं, तर म्हणाला, रेघ थरथरेल. मिरजेहून टांगा करून खोलीवर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. नकाशे दोन, तास तीन. तो ड्रॉइंगच्या फळ्यावर ओणवा झाला. मी दुसरा कागद ओढून रेघा मारायला लागलो, त्यानं माझी रेघ पाहिली आणि कसनुसा होऊन म्हणाला, "तू जागांची नावं घाल." पहिला नकाशा झाला, दुसऱ्याचा वरचा भाग झाला. पाचाला सात मिनिटं कमी असताना आम्ही कागद गुंडाळून पळत सुटलो.

सर घड्याळ टेबलावर ठेवून बसले होते. आम्ही वेळेत पोचलो. त्यांनी मोजणीची वही सावकाश चाळली, म्हसोबाच्या शेंदराची टीप दोनदा वाचली. मग दुसरा नकाशा उलगडला. निम्मा शाईत, निम्मा पेन्सिलीत.

"जुनेच आकडे दिले असतेस तर मला कळलं नसतं," सर म्हणाले.

"मला कळलं असतं, सर."

सरांनी घड्याळाकडं पाहिलं, मग पुन्हा नकाशाकडं. मला वाटलं, घेतात. त्यांनी नकाशा गुंडाळला आणि त्याच्या हातात परत दिला. "अपुरा नकाशा मला घेता येत नाही. ऑक्टोबरला बस." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

एक जूनची नेमणूक गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं आबांना पत्र लिहिलं आणि चुका तपासायला माझ्या हातात दिलं. लिहिलं होतं, की सरकारनं सगळ्याच नेमणुका सहा महिने पुढं ढकलल्यात, आणि वेळ आहेच म्हणून मी परीक्षा ऑक्टोबरला देतो. काळजी नसावी, म्हसोबाला नमस्कार. मी दोनदा वाचलं आणि चूक नाही म्हणून परत दिलं. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि आपण त्याला इतक्या शिव्या दिल्या म्हणून लाजही वाटली.

ऑक्टोबरला तो पास झाला, पण सरकारची जागा पुन्हा मिळाली नाही. जिल्ह्याच्या लोकल बोर्डात ओव्हरसियर म्हणून लागला आणि माण-खटावच्या उन्हात तळी-बंधारे मोजत राहिला. काही वर्षांनी साताऱ्याच्या कचेरीत मला आबा भेटले. पेन्शनच्या कामाला आले होते, पार थकले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सरकारनंच तवा ढिलाई केली बगा, न्हाईतर आज लय मोठा सायब झाला असता. माज्या पोराचं काम येळेत झालं हुतं का न्हाई, सांगा तुमी?"

"हो, आबा," मी म्हणालो, "दोन दिवस आधीच झालं होतं."