पिवळ्या दोरीची मांजर

माझी नोकरी चुका शोधायची होती. सातपूरच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. मशिनवरून उतरलेला माल माझ्या टेबलावर यायचा आणि डोळ्यांना न दिसणारा फरक मी मायक्रोमीटर लावून पकडायचो. बरोबर असेल त्याला हिरवी खूण, दुरुस्त होण्यासारखा असेल त्याला पिवळी आणि वाया गेलेल्याला लाल. एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंमधला फरक ओळखणं, एवढ्याच गुणावर माझं घर चालत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला मोकळेपणाने हसता येईल. बायको तर अजूनही हसते.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. कारखान्यामागे भंगाराचं आवार होतं. तिथे लोखंडी किसाच्या ढिगाआड एक मांजर व्यायली आणि पिल्लं जरा मोठी झाल्यावर आई कुठे निघून गेली कुणास ठाऊक. उरल्या दोन बहिणी. राखी अंग, काळे पट्टे, हनुवटी पांढरी. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना पोळीचे तुकडे टाकायचो. सात-आठ महिने टाकले आणि आपलं त्यांच्याशी नातं जुळलंय अशी माझी समजूत झाली. त्यांच्या मते नातं पोळीशी होतं. मग एक दिवस आवार मोकळं करून तिथे नवी शेड बांधायचं ठरलं, बुलडोझर येणार म्हणाले, आणि माझ्यातला उपकारकर्ता जागा झाला. वेल्डिंगचे कातडी हातमोजे घातले, मशिन पुसायच्या चिंध्यांचं एक पोतं रिकामं केलं आणि दोघींना त्यात कोंबलं. वेल्डिंगची ठिणगी त्या हातमोज्यातून आत जात नाही. मांजराचा सुळा जातो.

घरी बायकोने दार उघडलं. ती महापालिकेच्या शाळेत मास्तरीण. नुकतीच वर्गावरून आलेली.

"पोत्यात काय आहे?"

"मांजरी. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"अहो, पोतं गुरगुरतंय."

"घाबरल्यात बिचाऱ्या."

"त्या घाबरल्यात? मग तुमच्या बाहीला रक्त कुणाचं आहे?"

दोन दिवसांचे दोन महिने झाले. मांजरी घरात होत्या याचा पुरावा म्हणजे फाटलेले पडदे, रिकामी ताटली आणि वास. प्रत्यक्ष मांजरी क्वचित दिसायच्या. दिवसभर कपाटामागे नाहीतर माळ्यावर. मी पुढे झालो की फिस्कारायच्या, मागे सरलो की खायच्या. बायकोच्या माहेरी कुणी अंडंही खात नाही. तीच बाई आता गॅलरीत स्टोव्ह मांडून, पदर नाकाला लावून, रोज वाळके बोंबील उकडत होती. नावं ठेवू नका, असा तिचा हुकूम होता. नाव ठेवलं की कायमचं झालं. म्हणून आम्ही जी पुढे येऊन आधी खाते ती मोठी आणि जी मागे थांबते ती धाकटी, असं म्हणायचो. ओळखायची खूण तेवढीच. तपासणी खात्यातल्या माणसाने वस्तू तिच्या वागण्यावरून ओळखायची नसते, मापावरून ओळखायची असते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

थंडीत धाकटी बिघडली. ताटलीपाशी यायची, वास घ्यायची, एक घास तोंडात धरायची आणि किंचाळून पळायची. हनुवटीवरून लाळ गळत होती. चार दिवस पोटात काही नाही. जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. न्यायचं कशातून? द्राक्षांचे प्लॅस्टिकचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधले आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर ठेवले. सातपूरपासून दवाखान्यापर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाने मान वळवून पाहिलं. आवाजच तसा येत होता.

दवाखान्यात म्हशी, बैल, शेळ्या आणि मी. नंबर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मांजर? साहेब, आमच्याकडे वजन क्विंटलमध्ये चालतं." तरी भला माणूस, बाहेर काढा म्हणाले. मी सुतळी सोडली आणि धाकटी थेट खिडकीच्या गजांवर. मी, डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस, तिघे मिळून तिच्याभोवती नाचत होतो. शेवटी रांगेतली एक बाई पुढे आली. पेठ तालुक्याच्या बाजूची, खुराने लंगडणारी शेळी घेऊन आलेली. तिने दोरी माझ्या हातात दिली. "जरा धरा भाऊ हिला." एका हाताने मांजरीची मान धरली, दुसऱ्याने मागचे दोन्ही पाय, आणि टेबलावर आडवी केली. मांजर गप्प. शेळीने मात्र तेवढ्यात माझ्या शर्टाचं टोक खाल्लं.

डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. हिरड्या लालभडक, आत जखमा. इंजेक्शन दिलं आणि गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ पाव गोळी, चौदा दिवस, एकही वेळ चुकवायची नाही. "चुकवली तर खाणं सुटेल," ते म्हणाले, "आणि या अंगाचं जनावर उपाशी फार दिवस टिकत नाही. चौदा दिवसांनी दाखवायला आणा."

म्हणजे तिचा जीव पाव गोळीवर होता आणि ती पाव गोळी माझ्यावर.

कारखान्यात तेव्हा गुणवत्तेच्या प्रमाणपत्राची धामधूम होती. जे कागदावर नाही ते घडलंच नाही, असं साहेब रोज ऐकवायचे. ते माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की त्याच संध्याकाळी मी फ्रिजवर तक्ता चिकटवला. तारीख, पाळी, मात्रा, शेरा, सही. माझी पाळी दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे एक गोळी मी आणि एक बायको. धाकटीच्या गळ्यात, ती इंजेक्शनने जरा गुंगीत असतानाच, कारखान्यातली पिवळी दोरी सैलसर बांधली. पिवळी म्हणजे दुरुस्तीला आलेला माल.

"मुलांच्या हजेरीपेक्षा कडक आहे हो तुमचं," बायको म्हणाली.

"पद्धत असली की चूक होत नाही."

हे वाक्य तिने पुढे मला किती वेळा परत वाढलं असेल त्याचा हिशेब नाही.

पहिले तीन दिवस झकास गेले, म्हणजे रक्तपात नेमाने होत राहिला. गोळी बोंबलात लपवली तर बोंबील गायब आणि गोळी ताटलीत, धुतल्यासारखी स्वच्छ. तुपात घोळवून दिली तर तूप चाटलं. शेवटी टॉवेलात गुंडाळून, जबडा उघडून, घशात टाकायची आणि नाक चोळायचं. दहा मिनिटांनी सोफ्याखाली तीच गोळी सापडायची. पण इंजेक्शनचा गुण आला होता. धाकटी खायला लागली.

चौथ्या दिवशी दुपारी पिवळी दोरी कपाटाखाली सापडली. रिकामी.

दोघीही एव्हाना खात होत्या, एकदमच ताटलीवर येत होत्या. मोठी कोण, धाकटी कोण? मी विचारपूर्वक प्रयोग केला. गोळ्यांची पट्टी वाजवली. जिने गोळ्या भोगल्यात ती आवाजाला दचकणार. एक सरळ माळ्यावर गेली. दुसरी खाटेखाली दबा धरून बसली आणि मला दात दाखवले. मी नीट विचार केला. जी पळाली ती स्वभावाने भित्री. जिने दात दाखवले तिला माझा राग आहे, आणि राग यायला कारण हवं. तेव्हा हीच धाकटी. दोरी हिच्याच गळ्यात.

असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण आज सांगतो. दुसऱ्या पाळीची बस वीस मिनिटांत होती आणि खाटेखालची हाताला लागत होती.

पुढचे अकरा दिवस तक्ता बघण्यासारखा होता. एक रकाना कोरा नाही. शेऱ्यात मी 'उत्तम', 'भूक वाढली', 'वजन वाढते आहे' असं लिहीत गेलो. दोरीवाली खरंच गुटगुटीत झाली. कारखान्यात जेवणाच्या टेबलावर मी मांजरीचे औषधोपचार या विषयावर बोलायला लागलो. लोक डबे उचलून दुसऱ्या टेबलावर जात, तरी बोलत राहिलो.

बिनदोरीची मात्र माळ्यावरून उतरेनाशी झाली. दिवाळीच्या खोक्यांमागे बसून असायची.

"अहो, मोठी खात नाही हो," बायको म्हणाली. "ताटली वर ठेवली तरी तशीच आहे."

"रुसलीय. सगळं लक्ष धाकटीकडे आहे ना."

"मांजरं रुसतात?"

"तू नाही रुसत?"

त्या दिवशी माझीही ताटली उशिरा आली. पण बायको दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मी तक्त्याकडे बोट दाखवलं. आजारी मांजर बरी होतेय, सही आहे बघ. चांगल्या मांजरीची काळजी करायला तक्त्यात रकानाच नव्हता.

चौदा दिवस झाल्यावर क्रेट, सुतळी, स्कूटर आणि पुन्हा तोच दवाखाना. तीच पेठची बाई, तीच शेळी. शेळीलाही त्याच दिवशी बोलावलं होतं. यावेळी मी शर्ट सांभाळून बसलो. बाईने मांजर धरायला मदत केली. डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि भुवया उंचावल्या.

"वा! जखमेचा मागमूस नाही. दात तर मोत्यासारखे. साहेब, इतकं नेटाने औषध देणारा माणूस मी पाहिला नाही."

मी तक्ता सोबत नेला होता. घडी उलगडून दाखवणार, तेवढ्यात बाई म्हणाली, "भाऊ, आज दुसरी आणली व्हय?"

"नाही मावशी, तीच आहे."

"ती नाय ही."

"अहो तीच. औषधाने सुधारलीय म्हणून वेगळी वाटते."

"औषधानं पायाचा रंग बदलतो का? तिच्या मागल्या पायाच्या गाद्या काळ्याकुट्ट व्हत्या. मीच धरले व्हते ना पाय. ही बघा, गुलाबी हाय."

मी पाहिलं. चारही पंजे गुलाबी. अडीच महिने माझ्या घरात राहिलेल्या मांजरीचे तळपाय मी पहिल्यांदा बघत होतो.

मग डॉक्टर हळूच म्हणाले, "साहेब, मग मी गेले चौदा दिवस बरं कोणाला करत होतो?"

मी कसंबसं बाईला विचारलं, "तुमच्याकडे शेळ्या किती?"

"असतील तीस-बत्तीस."

"सगळ्या ओळखता?"

"त्यात वळखायचं काय? समोर दिसत्यात की." मग माझा चेहरा बघून जरा नरमली. "जावा आता घरी, हितं काय बसलात?"

स्कूटर कशी चालवली आठवत नाही. माळ्यावर चढलो. खोक्यांमागे ती बसली होती. पळाली नाही. तिने पळायला हवं होतं. हातमोजे घातले नव्हते. उचलली तर हातात वजनच लागेना. छातीवरचे केस लाळेने कडक झालेले. मागचा पाय उलटा केला. काळाकुट्ट.

बायको खाली शिडी धरून उभी होती. तिने नुसतं फ्रिजवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तासाभरात पुन्हा दवाखाना. डॉक्टरांनी सलाइन कातडीखाली सोडलं. "वाचेल का?" मी विचारलं.

"अकरा दिवसांपूर्वी विचारलं असतंत तर हो म्हटलं असतं. आता बघू. जरा उभारी धरली तर दात काढावे लागतील. सगळेच."

पुढच्या पंधरा दिवसांत वैतागलो तितका मी आयुष्यात कधी वैतागलो नव्हतो, आणि वैताग काढायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. रजा टाकली. बोंबलाची पेज गाळून, सुई काढलेल्या इंजेक्शनच्या नळीने, दर दोन तासांनी थेंब थेंब. अर्धी माझ्या शर्टावर, पाव जमिनीवर. उरलेली पाव धाकटीने गिळली की मी जग जिंकल्यासारखा बायकोकडे बघायचो, आणि तेवढ्यात मांजर ओकायची. गुलाबी पायांची मोठी वाटीत तोंड घालून उरलेली पेज संपवायची. ती आणखी जाड झाली. गोळी द्यायच्या आधी बायको आता वर्गातला आवाज लावायची, "पाय दाखवा." मी मांजर उलटी करून मागचा पंजा दाखवायचो. मगच गोळी. तक्ता तिने पुन्हा लावू दिला नाही.

आठव्या दिवशी धाकटीने स्वतःहून वाटी चाटली. महिन्याने दात काढले. ती शुद्धीवर येत असताना मी क्रेटमध्ये हात घातला तर तिने कडकडून चावा घेतला. मी सवयीने ओरडलो आणि मग हात बघितला. भोक नाही, रक्त नाही. नुसती ओली हिरडी दाबली गेलेली.

ती पुढे बरीच वर्षं जगली. मांडीवर कधीच आली नाही आणि मला चावायची कधी थांबली नाही. आम्ही सिडकोतल्या नव्या घरात गेलो तेव्हाही दोघींना त्याच क्रेटमधून नेलं. तपासणी खात्यातल्या माणसाला अखेर एक भरवशाचं माप मिळालं होतं. हात पुढे करायचा. रक्त आलं तर मोठी, नुसती ओल लागली तर धाकटी. तरी गोळी हातात असली की मी आधी पाय बघायचो.