रूपालीच्या कपाळावरचा अंगारा

हे आजवर कोणाच्याच कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही — आणि तिला मी बनियनला भोक पडलं तरी सांगतो. मग तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट माहीत नाही बावा. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, एवढंच बरं आहे. तीस वर्षं मैदानावर शिट्टी फुंकली, सरळ बोलणारा म्हणून माझं नाव आहे. पण या गोष्टीपाशी आलो की गावाबाहेरूनच वळसा घेऊन परत जातो.

मी पी.टी.चा मास्तर. सगळी नोकरी तेल्हाऱ्याला झाली, आता निवृत्त होऊन अमरावतीला राहतो. मूळ घर अंजनगाव सुर्जीचं. तिथं देवीचं एक देऊळ आहे आणि तिची पूजा आमच्याच घराकडे — आजोबा, मग वडील, आता थोरला भाऊ. मी मात्र लहानपणापासून वाकडा. वडील गेले त्या वर्षी पूजा कोणी करायची यावरून दादाशी माझं वाजलं आणि रागाच्या भरात मी बोलून गेलो, या देवळाची पायरी पुन्हा चढणार नाही. पुढं त्या रागालाच मी विचार म्हणू लागलो. शाळेत भाषणं ठोकायचो — मनगटावर भरवसा ठेवा, गंडेदोरे नाल्यात टाका. पोरं टाळ्या वाजवायची. तो विचार होता, की भावावरचा राग? दोन्ही होतं, आणि राग जास्त होता.

रूपाली माझ्याकडे आली तेव्हा आठवीत होती. तिचे वडील गणेशभाऊ झेंडू लावायचे, आई हार करून बसस्टँडजवळ विकायची. पोरगी काटकुळी, पण कबड्डीच्या चढाईला गेली की समोरच्या पाचजणींना वाटायचं आता धरली, आणि ही रेषेअलीकडे येऊन हसत उभी! असं पाऊल मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. फक्त एक होतं. सामन्याआधी तिचे हातपाय गार पडायचे. दोनदा तर ओकली.

जिल्ह्याचे सामने अकोल्याला होते. आदल्या शनिवारी मी आईला भेटायला अंजनगावला निघालो, तर ही सायकल घेऊन आडवी. म्हणाली, "सर, आई म्हणते तुमच्या घरची देवी लय जागती हाय. मले अंगारा आणसान का?"

देवीपुढं धूप जळतो त्याची राख, तिला आमच्याकडे अंगारा म्हणतात. चिमूटभर कपाळाला लावतात. मी म्हणालो, आणतो.

विसरलो असं सांगितलं तर तुम्ही मला सोडून द्याल. पण विसरलो नव्हतो. देऊळ घरापासून पन्नास पावलांवर. स्वतः जायचं नव्हतं तर आई होती, तिनं पदराच्या गाठीला बांधून आणला असता. पण मग आईनं दादाला सांगितलं असतं, धाकट्यानं मागितला म्हणून. दादा काही बोलला नसता, नुसता गालात हसला असता — आणि तेवढं हसू मला सोसवलं नसतं. म्हणून रिकाम्या हातानं परत आलो. पोरीला काय, एखादा समजुतीचा शब्द पुरेल, असं वाटलं.

अकोल्याच्या मैदानावर सकाळी तिनं हात पुढं केला. ओठ पांढरे पडले होते. समजुतीचा शब्द मला सुचलाच नाही. बॅगेत आहे, थांब म्हणालो आणि फाटकाबाहेर गेलो. तिथं चहाची टपरी होती, भट्टीखाली कोळशाची राख पडली होती. दात घासायला पाहिजे म्हणून मूठभर मागून घेतली. चहावाल्यानं माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. मी ती रुमालातून गाळली, वहीच्या कागदात पुडी बांधली, आणि —

आणि तिच्या हातात दिली. म्हणालो, घे, देवीचा.

तिनं दोन्ही हात पुढं करून घेतली. डोळे मिटले, अंगठ्यानं कपाळाला लावली, आणि तिच्या हातांची थरथर थांबली. मी स्वतः पाहिलं. त्या दिवशी ती एकाही संघाच्या हाती लागली नाही.

त्याच संध्याकाळी सांगून टाकलं असतं तर? दोघं हसलो असतो, तिनं मला चार दिवस चिडवलं असतं आणि मिटलं असतं. मी म्हटलं, विभागाचे सामने होऊ देत. मग म्हटलं, राज्याचे होऊ देत. दर वेळी एक पुडी. एक खोटं सांभाळायला दहा लागतात म्हणतात ना, माझ्या खोट्याला तर नियम फुटले. ती म्हणायची, सर, मले देवीच्या पायावर न्या, ओटी भरतो. मी सांगायचो, आमच्या देवीचा रिवाज आहे, खेळणाऱ्यानं खेळ संपल्यावरच ओटी भरायची, मधे दर्शनाला जायचं नाही. असा रिवाज जगात कुठं असतो? पण मी पुजाऱ्याचा मुलगा. मी सांगितलं म्हणजे खरंच असणार.

अमरावतीला आल्यावर जवळच्या टपरीवरून राख आणू लागलो. गुलाबाच्या कुंड्यांना घालतो म्हणून सांगायचो. एकदा टपरीवाला गावी गेला होता, तेव्हा मी घरातल्या उदबत्तीची राख आणि थोडा कापूर चुरून पुडी केली. म्हटलं, जरा देवाच्या जवळचं तरी असू दे. दोन दिवसांत फोन. "सर, हा आपला नाही वाटत. पांढरा हाय, वासही येगळा हाय. मी लावला नाही." मी म्हणालो, हो, घाईत दुसरीकडचा आला असेल. आणि नवी पुडी पाठवली. टपरीची.

पुढचं तुम्ही कदाचित टीव्हीवर पाहिलंही असेल. मुलींची लीग आली, रूपालीला संघ मिळाला. मॅटवर उतरण्याआधी ती बाकाशी वाकायची, पुडीत अंगठा बुडवून कपाळाला लावायची. कॅमेऱ्याला ते फार आवडलं. मोठ्या पडद्यावर कपाळ आणि त्यावर ती करडी रेघ — माझ्या टपरीची. तेल्हाऱ्याच्या पोरी शाळेच्या सामन्याला राख लावून येऊ लागल्या. लोकांनी तिच्या फोटोमागं देवीचा मुखवटा लावून स्टेटस ठेवले. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर रोज भांडण. एक म्हणणार, पाहा संस्कार! दुसरा म्हणणार, खेळ आहे का जत्रा? तिच्याच संघात नाझमीन म्हणून बचाव करणारी मुलगी होती, ती सामन्याआधी हात पसरून दुआ मागायची. रूपालीला डोक्यावर घेणारे तिला शिव्या घालायचे, आणि नाझमीनचं कौतुक करणारे रूपालीला बुरसटलेली म्हणायचे. त्या दोघी एका खोलीत राहत होत्या, एकीच्या डब्यातलं दुसरी खात होती. त्यांना कोणी विचारलं का?

मग अंतिम सामन्याची शेवटची चढाई. एक गुण हवा होता. रूपालीचा घोटा धरला गेला, आणि सामना गेला. त्या क्षणापासून जे सुरू झालं! 'देवी रजेवर होती का' इथपासून 'पुडी नकली निघाली' इथपर्यंत. हे शेवटचं लिहिणाऱ्याला वाटलं, आपण विनोद केला. मी ते वाचलं आणि फोन टेबलावर पालथा घातला.

आता मुद्द्यावर येतो. पुडीचा खोटेपणा हा माझा मोठा दोष नव्हे. मोठा पुढं आहे.

महिन्याभरानं अकोल्यात एका सभागृहात खेळ आणि श्रद्धा यावर कार्यक्रम ठेवला होता. रूपालीला घडवणारे गुरू म्हणून मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, शाल दिली. शिकलेली माणसं, वकील, प्राध्यापक. प्रश्नोत्तरांत एका पत्रकारानं विचारलं, सर, तुम्ही तर विज्ञानवादी, मग हा अंगारा तिला कोणी शिकवला?

सगळं सभागृह माझ्याकडे पाहत होतं. तुम्हाला काय वाटतं, किती वेळ लागला मला? एक श्वाससुद्धा नाही. मी माईक जवळ घेतला आणि म्हणालो, "मी तिला दम धरायला शिकवला, टाच उचलायला शिकवलं. राख फासणं हे तिच्या घरचं अडाणीपण. फुलं-भाजी विकणारी माणसं, कितीही सांगा, डोक्यात शिरत नाही."

टाळ्या पडल्या. चांगल्या मिनिटभर. मी मान लववून त्या घेतल्या.

ती चित्रफीत दोन दिवसांत सगळ्या वऱ्हाडभर फिरली. गणेशभाऊंच्या शेजाऱ्यांनी त्यांना ती दाखवली. रूपालीच्या आईनं हाराच्या गाडीवर बसून पाहिली. ज्या बाईनं माझ्या घरच्या देवीवर एवढा विश्वास टाकला, तिला मी अडाणी म्हणालो — आणि राख माझ्या हातची होती.

चौथ्या दिवशी रूपालीचा फोन आला. मी तीनदा कापला, चौथ्यांदा उचलला. वाटलं, आता फाडून खाईल. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. ती सावकाश बोलली. "सर, आयकलं मी. बाबाले जराक वाईट वाटलं. मी सांगतलं त्यायले, चार लोकांत सरांले तसं बोलणं भागच असन. मी आता टीव्हीपुढं नाही लावणार. तुमाले उगाच तरास." मग म्हणाली, "पुडी सरत आली, सर. पाठवसान ना?"

मी म्हणालो, पाठवतो. आणि टपरीचीच पाठवली.

या वर्षीच्या पहिल्या सामन्यात तिचं कपाळ कोरं होतं. ग्रुपवर लगेच सुरू — शहाणी झाली. नाही, देवीला विसरली. पैसा आला की असंच. मी मात्र तिचा हात पाहत होतो. बाकावर बसून तिनं गुडघ्याच्या पट्ट्याची कड उचलली, अंगठा आत घातला आणि पट्टा नीट केला. समालोचक म्हणाला, दुखापत दिसते. दुखापत नव्हती, कपाळाची राख तिथं लावली होती. लेकरू माझी लाज राखत होतं. मी एकटाच बसलो होतो, आणि मला रडू आलं. किती गुणी पोर आहे ती! आणि मी कोण आहे?

गेल्या मंगळवारी उठलो आणि अंजनगावची एस.टी. धरली. वडील गेले त्या वर्षानंतर पहिल्यांदा देवळाची पायरी चढलो. दादा आता पार वाकलाय. तो गालात हसला नाही. मी अंगारा मागितला तर म्हणाला, "काहून रे, बरं नाही का तुले?" आणि धुपाटण्यातला काढून दिला. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं घालवली.

घरी येऊन पुडी उघडली. पांढराशुभ्र, पिठासारखा मऊ, सगळ्या खोलीभर धुपाचा वास. शेजारी टपरीची राख ठेवली. करडी, जरा रवाळ, वासबीस काही नाही. हा खरा अंगारा तिला पाठवला तर ती काय म्हणेल? सर, हा आपला नाही वाटत. लावणार नाही ती. लावायचा असेल तर आधी मला सांगावं लागेल — अकोल्याच्या फाटकापासून सगळं. सारी दुपार फोन हातात होता. तिचा नंबर काढला, ठेवला. पुन्हा काढला. ती सरावाला गेली असेल, असं स्वतःला सांगितलं. सराव पाचला संपतो, तेही मला माहीत होतं.

काल सकाळी गणेशभाऊ आले. अमरावतीच्या बाजारात फुलं आणली होती, नेहमीसारखी झेंडूची पिशवी माझ्या दाराशी ठेवली. त्या भाषणाचा शब्दही काढला नाही. म्हणाले, पोरीनं पुडी आणायला सांगितली आहे. मी आत गेलो. टेबलावर दोन पुड्या होत्या. मी करडी उचलली.

त्यांनी चप्पल काढली, दोन्ही हातांनी पुडी घेतली, उघडून चिमूटभर स्वतःच्या कपाळाला लावली आणि नीट घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. मग देवीच्या घरचा माणूस म्हणून वाकले, माझ्या पाया पडायला. माझ्याहून वयानं मोठे आहेत ते.

मी पाय मागं घेतले नाहीत.