विहिरीवरची राखण

मिरजेला छोट्या गाडीत बसले तेव्हा एका म्हातारबाबांनी विचारलं, "पाणी घेतलंय का सोबत?" मी हसून म्हटलं, लातूरला मिळेलच की. बाबांनी आपली सुरई पायांच्या मधे ओढून घेतली. मी चिपळूणची. आमच्याकडे पाणी म्हणजे कटकट. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी, चुलीत फू फू करून डोळे गेले. पाण्याला कुणी जपतं हे मला पुस्तकातच ठाऊक.

बार्शी मागे पडल्यावर रान काळं पडत गेलं. काळी माती फुटून तिच्या भेगांत हात जाईल अशी. झाडं होती, पण पानं नव्हती, आणि डब्यात बोलणं हळूहळू थांबलं. मला बडबडल्याशिवाय प्रवास होत नाही, पण तिथे माझाही आवाज मला मोठा वाटायला लागला.

लातूरला विमल न्यायला आली. विमल आणि मी मिरजेला नर्सिंगला एका खोलीत होतो. आता ती लातूरच्या सरकारी दवाखान्यात. गाव नव्यानं जिल्ह्याचं झालेलं, जिकडे तिकडे पाट्यांचा रंग ओला, आणि सगळ्यावर डाळ मिलची पिवळी धूळ. रिक्षावाला म्हणाला, "जिल्हा आला बाई. पाणी मागून यायलंय म्हणं." क्वार्टरवर पोचताच मी सवयीनं तांब्याभर पाणी पायांवर ओतलं. शेजारच्या दारातल्या दोन बायका बोलता बोलता गप्प झाल्या. विमलनं तांब्या माझ्या हातातून काढून घेतला. "शालन, इथं पाय धुवायचे नसतात. झटकायचे असतात." लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याचा नि मसाल्याचा दाटसर रस्सा). जेवताना विमलनं खरं कारण सांगितलं. मला तिनं कंधारचा किल्ला बघायला म्हणून बोलावलं होतं, पण किल्ल्याला तिची फुरसत कुठली. तिची माय गावी एकटी होती. वस्तीतलं शेवटचं माणूस. वस्ती रिकामी झाली, पाणी तळाला गेलं, तरी ती लातूरला यायला तयार नव्हती. "दिवसभर विहिरीवर बसून राहते. गावातले म्हणतात, काशाबाईला लागिर झालंय. तू चल. तुझं बोलणं ऐकून तरी कंटाळून निघंल."

दुसऱ्या दिवशी उदगीरची एसटी, तिथून जळकोटची, आणि जळकोटच्या पुढे एका फाट्यावर उतरून पायी. मधे एक कोरडा नाला लागला. विमल म्हणाली, इथं लातूर जिल्हा संपतो, पलीकडं नांदेड. मी उगाच उडी मारून जिल्हा बदलला. ऊन तेच होतं.

टळटळीत दुपारी आम्ही वस्तीत शिरलो. मला वाटलं होतं पडकी घरं असतील. तसं नव्हतं. चांगली घरं, निळे दरवाजे, प्रत्येकाला कुलूप, आणि प्रत्येक अंगण झाडलेलं. ताज्या खराट्याच्या रेघा, त्यांवर पाऊल एकही नाही. विमल दारं दाखवत चालली होती. हा नांदेडला बँकेत, हा कंधारच्या शाळेत मास्तर, हा एसटीत. "आणि ह्या पलीकडच्या ओळीतले?" ती म्हणाली, "ते ऊस तोडायला गेलेत. सगळ्यांना काई नोकऱ्या लागल्या न्हाईत, शालन."

तेवढ्यात आवाज आला. बोळाच्या आतून कुणीतरी संथपणे वाचत होतं. "ज्ञा-नो-बा... बी.ए.... बी.एड." थांबलं. मग पुढचं दार. "शां-ता-बाई..." मी विमलचा दंड धरला. रिकाम्या वस्तीत, भर दुपारी, कोण हजेरी घेतंय? कोपऱ्यावरून बघितलं तर तेरा-चौदा वर्षांची एक पोर कुलपं लावलेल्या दारांवरच्या पाट्या वाचत उभी होती. आम्हाला बघून ती पळाली.

"रुक्मिण," विमल म्हणाली. "गोविंदरावाची नात. गावातलं सगळ्यात मोठं खटलं, तीस एकर जमीन. हिला सातवीतून काढलीय, लग्नाचं बघायलेत."

काशाबाई विहिरीच्या काठावर निंबाच्या काडक्यांच्या सावलीत बसली होती. बारीक, ताठ, पांढरं लुगडं. लेकीला बघून हसली, पण उठली नाही. मला म्हणाली, "बस लेकी. आत वाकू नको." आता वाकू नको म्हटल्यावर कोण वाकत नाही? मी वाकले.

खोल तळाशी हातभर पाणी होतं. बाकी चिखल. आणि चिखलातून तोंडं वर आलेली. शेंदूर फासलेला एक दगड, अजून भगवा. भोवती पितळेचे छोटे टाक (देवाचा मुखवटा ठोकलेले पत्रे). ते सगळे वर बघत होते.

"छप्पन सालानंतर आमच्या मालकानं बुडवले," काशाबाई म्हणाली. मालक म्हणजे नवरा. "मरीआईचा दगड आन वस्तीतल्या समद्या घरचे देव एका टोपल्यात घातले आन हितं सोडले. आम्ही बुद्धाचे झालो. मेली ढोरं वडणं सोडलं, मरीआईची सेवा सोडली. गावानं वरीसभर मजुरी बंद केली, दळण बंद केलं. माझं एक लेकरू त्याच वरसात गेलं." तिनं हे ज्वारीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "आता पाणी खाली गेलं आन हे वर आले. मी उठले की ते नेतील."

"कोण?"

तिनं हनुवटीनं दाखवलं. गावाच्या बाजूनं उन्हातून बायका येत होत्या. एका ओळीत, डोईवर घागरी, पदर तोंडावर ओढलेले, कुणी बोलत नव्हतं. मोजल्या तर सात. आमच्या कोकणातही दुपारच्या पाणवठ्यावर सात आसरांची भीती घालतात. मी मोठी शहाणी नर्स, पण पुन्हा एकदा मोजून बघितल्या. बायका आल्या. प्रत्येकीनं आपला दोर, आपला पोहरा आणला होता. वस्तीच्या दोराला कुणी शिवलं नाही. पाणी भरलं, आणि जाताना एकेकीनं काठावर चिमूटभर कुंकू वाहिलं. शेवटची रुक्मिण होती. तिनं कुंकू वाहिलं नाही, आमच्याकडेच बघत राहिली.

"गावच्या साऱ्या विहिरी आटल्या, हीच तेवढी हाय," विमल हळूच म्हणाली. "त्यांना वाटतंय, देव आत हायत म्हणून पाणी हाय. आणि देव बाहेर काढून मांडले तर पाऊस येईल."

त्या संध्याकाळी विमलनं आईला खूप सांगितलं. मीही तोंड वाजवून घेतलं. मावशी, पाणी संपेल, दगडासाठी जीव देणार का? काशाबाई म्हणाली, "दगडासाठी न्हाई. ते वर आले की त्यांच्यामागून समदं येईल." मला तेव्हा ते कळलं नाही.

सकाळी गोविंदराव स्वतः आले. साठीचे, उंच, पांढरं धोतर, मागे थोरला मुलगा आणि त्या बायका. पूर्वी वस्तीतल्या माणसांना लांब उभं राहून त्यांच्याशी बोलावं लागे, असं विमलनं सांगितलं होतं. आज तेच लांब उभे राहिले.

"काशाबाई, देव द्या."

"माझे न्हाईत ते. माझ्या माघारी न्यायचे न्हाईत. पायजेत तर माझ्यासमोर उतरा आन न्या."

मला वाटलं ती नाही म्हणेल. विमललाही वाटलं होतं. गोविंदरावांनी मुलाकडे बघितलं, मुलानं खाली मान घातली. तो आत वाकायलाही तयार नव्हता. मग त्यांनीच धोतर खोचलं. अर्ध्यापर्यंत पायऱ्या होत्या, पुढे कमरेला दोर. मुलगा दोर सोडत होता. खालून आवाज येईना. मग घमेलं वर आलं. चिखल, शेंदूर, पितळ. ते काठावर ठेवलं तेव्हा बायका दोन पावलं मागे सरल्या. मीही सरले, कशाला खोटं बोला.

गोविंदराव कमरेपर्यंत काळे होऊन वर आले. धापा टाकत त्यांनी बायकोच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट घेतलं आणि काशाबाईपुढे धरलं.

"मरीआईला तुमचाच हात लागतोय. पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याच हातानं ती उठली. पयलं कुंकू तुम्ही लावा. वरसातून एक डाव करा. बाकी आम्ही बघतो."

तेव्हा मला काशाबाईचं कालचं 'समदं येईल' कळलं. काशाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"देव न्या गोविंदराव. हात न्हाई मिळायचा."

मग गोविंदरावांची बायको, रखमाबाई, डुलायला लागली. केस सुटले, डोळे वर गेले, आणि तिच्या तोंडून जाडा, बाप्याचा वाटावा असा आवाज आला. "काशेऽ... हात दे काशे... पाणी आटवीन." काशे. जुन्या दिवसांतलं एकेरी नाव. बायका जमिनीवर पडल्या. रुक्मिण रडायला लागली. मी विमलकडे बघितलं, तिचाही चेहरा उतरला होता. आईला त्या नावानं मारलेली हाक लहानपणी तिनं किती वेळा ऐकली असेल.

काशाबाई उठली. मला वाटलं, आता ही कुंकू लावते. तिनं आपला तांब्या भरला, रखमाबाईला धरून सावलीत बसवलं आणि तांब्या तिच्या ओठांना लावला. "पाणी पी रखमे. उन्हानं झालंय."

रखमाबाईनं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा सगळा प्यायली. वस्तीचा तांब्या, वस्तीच्या बाईच्या हातचं पाणी. मग डोळे मिटून काशाबाईच्या खांद्यावर मान टाकली. मी नाडी बघितली. अंग भाजत होतं. ऊन लागल्यावर माणूस बरळतं हे मला पाठ आहे, मी पन्नासदा पाहिलंय. पण तो आवाज आठवला की अजून दिवसासुद्धा दिवा लावावासा वाटतो.

आम्ही दोघींनी ओली फडकी घालून तिला शुद्धीवर आणलं. गोविंदराव घमेल्याशेजारी बसून होते. तिथूनच म्हणाले, "एक विचारतो काशाबाई. तुम्ही देव बुडवले. तुमची लेक शिस्टर झाली, पुतण्या बँकेत गेला. आम्ही एक दिवस पूजा चुकवली न्हाई. माझा धाकटा लातूरला मोंढ्यात पोती उचलतोय. तीस एकराचा मालक. आमचं काहून असं?"

चिडवून विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते.

"जमीन न्हवती आम्हाला," काशाबाई म्हणाली. "शाळा सोडून दुसरं काय धरावं? तुमच्याकडं धराया लई होतं. आन आमचंबी समद्यांचं कुठं झालं? माझा धाकटा फडावरच हाय. कोयता घिऊन." मग तिनं वस्तीकडे हात केला. "बगा की. एकबी दार उघडं न्हाई. मी रोज अंगणं झाडते. कुणासाठी झाडते ते मलाबी न्हाई ठाऊक."

गोविंदरावांनी घमेलं उचललं, स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि गावाकडे निघाले. मुलगा पुढे झाला तर त्याला हातानं बाजूला केलं. पटक्यावरून चिखल ओघळत होता.

राखायला काही उरलं नव्हतं. काशाबाईनं त्या रात्री बोचकं बांधलं. सकाळी तिनं पुन्हा सगळी अंगणं झाडली, मग घराला कुलूप लावलं. ते दोनदा ओढून बघितलं. मी मागे वळून बघायचं नाही ठरवलं होतं. बघितलं. आमच्या तिघींची पावलं रेघांवर उमटली होती, सगळी बाहेर जाणारी.

फाट्यावर गोविंदराव उभे होते. शेजारी रुक्मिण, हातात पत्र्याची पेटी.

"शिस्टरबाई, हिला न्या. शाळंत घाला. लग्नाचं मी मोडलं."

विमलच्या आवाजात पहिल्यांदा धार आली. "आमच्या घरी ऱ्हाईल ही? आमच्या हातचं खाईल?"

"तिच्या आजीनं काल पाणी पिलंय तुमचं," ते म्हणाले. "देव घरी नेले. रातभर आमच्यातलं कुणी झोपलं न्हाई." एवढंच बोलून ते वळले. नात रडेल म्हणून असेल, एसटी येईपर्यंत थांबले नाहीत.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी. घरी गेल्यावर माझा भाऊ विचारणारच होता, गाव आणि वस्ती यांत कोण पुढे गेलं, कोण मागे राहिलं? त्याला प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागतो. मी त्याला काय सांगू? एकाकडे जमीन होती म्हणून तो तिथेच राहिला, दुसऱ्याकडे नव्हती म्हणून तो निघाला, आणि त्या उन्हात दोघांचीही दारं मला सारखीच भकास दिसली. माझ्या देव्हाऱ्यात गणपती आहे, रोज फूल वाहते, पुढेही वाहीन. पण विहिरीतून वर बघणारी ती तोंडं आठवली आणि मी माझे हात मांडीवर घट्ट धरून बसले.

उदगीर मागे पडल्यावर काशाबाईनं फडकं सोडून भाकरी काढली. चतकोर रुक्मिणीपुढे धरला. पोरीनं घेतला नाही. बराच वेळ काशाबाईचा हात तसाच होता.

मग रुक्मिण म्हणाली, "आजी, तुमच्या घरी देव न्हाई?"

"न्हाई."

"मला भ्या वाटंल रातीला."

"वाटतंय. आम्हालाबी वाटलं व्हतं. बुडवले त्या राती वस्तीतलं कुणी घरात गेलं न्हाई. समदी एका अंगणात बसलो, लेकरं मधी घिऊन, बाप्ये कडंनं. विहिरीकडं बघत. म्हणलं, आता काई तरी निघणार बाहेर."

रुक्मिणीनं भाकरी घेतली. हातातच धरून ठेवली.

"मग? काय निघालं?"

"काई न्हाई, माय," काशाबाई म्हणाली. "उजाडलं."