सुनीताची आई आत कशी आली?

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता... आमचं बौद्धांचं घर. अंगारे-धुपारे घेऊन येणाऱ्याला बाबा दारातूनच वाटेला लावायचे. त्यात मी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर! मेलेल्यांपेक्षा जिवंत नातेवाइकांचीच मला जास्त धास्ती.

आमचं हॉस्पिटल उस्मानपुऱ्यातलं. दुपारची केस – लासूर स्टेशनची सुनीता, दुर्बिणीतून गर्भपिशवी काढायची. काढलेली पिशवी नातेवाइकांना दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. ट्रे घेऊन मी दाराशी गेले. सुनीताच्या नवऱ्यानं मान फिरवली. तिची आई मात्र वाकून बघत राहिली.

"एवढुशीच व्हय? माझी दोन नातवंडं हिच्यातच वाढली." मग माझा हात धरून म्हणाली, "बाई, मला एकच लेक हाय. नीट बघा तिला."

"झालंच आता आजी. निवांत बसा."

आत येऊन दार लावलं. ऑपरेशनसाठी पोटात भरलेला गॅस सर्जन सरांनी सोडला होता, फक्त वरचे टाके उरले होते. तेवढ्यात माझ्या खांद्यामागून आवाज आला – "पुन्यांदा बघा म्हणावं त्यांला... रगत वाहतंय."

वळले तर आजी! पायात चपला, तोंडाला मास्क नाही, थेट टेबलाशी. माझं डोकंच फिरलं. "आजी, आधी बाहेर व्हा!"

"कुणाशी बोलताय सिस्टर?" सरांनी विचारलं.

तिथं कुणीच नव्हतं. दार बंद. तरी माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर, एकदा पुन्हा आत बघा ना." सर वैतागले, पण दुर्बीण घातली... ओटीपोटात रक्त साचलं होतं! गॅसच्या दाबानं मिटलेली एक शीर, दाब उतरताच वाहायला लागली होती. सरांनी टाका घेतला. सुनीता वाचली.

सांगायला मी पळतच बाहेर गेले. आजी बाकावर भिंतीला टेकलेल्या. "पिशवी बघून बसल्या, त्या उठल्याच नाय. डोळा लागलाय," सुनीताचा नवरा म्हणाला. मी नाडी बघितली... लागेना. डॉक्टर धावत आले, छाती दाबली, पण काही उपयोग झाला नाही.

शुद्धीवर येताच सुनीता पुटपुटली, "आईला सांगा, मी बरी हाय. लई घाबरती ती." मला रडू आवरेना.

सर म्हणतात, मॉनिटरवर तुम्हाला काहीतरी खटकलं असेल. असेलही. मग मी 'बाहेर व्हा' म्हणून ओरडले ते कुणावर? निदान एवढं तरी कळायला हवं होतं – सरांनी टाका घेतला, तोवर ती माउली तिथं थांबली होती का?