ठिपका हलेना

माझा मुलगा बालाजी ट्रक चालवतो आणि मी नांदेडला घरात बसून तो थांबवते.

हे मी मोठेपणानं सांगत नाही. आमच्या घरात ज्याला त्याला आपापलं काम आहे. आमचे हे एसटीतून रिटायर झाल्यापासून पेपर वाचतात. सून सुवर्णा शिवणकाम करते. मीच तेवढी रिकामी होते. तेवढ्यात बालाजीनं स्वतःचा ट्रक घेतला (सेकंडहँड, पण आमच्या दारात आला म्हणजे नवाच!) आणि त्याला जीपीएसची डबी बसवून घेतली. डबी म्हणजे काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, काळी, स्टेअरिंगच्या पुढच्या फळीला खालून चिकटवलेली. ती असली की ट्रक कुठं आहे ते घरच्या मोबाइलवर दिसतं. सगळा एवढा मोठा ट्रक म्हणजे एक निळा ठिपका! ठिपका सरकला की ट्रक चालू, ठिपका थांबला की ट्रक उभा. सुवर्णानं एकदा मला हे सगळं प्रेमानं समजावून सांगितलं. तिथंच तिची चूक झाली.

गाडीत एक बाई पण होती. म्हणजे बालाजीच्या मोबाइलमधी. मोबाइल समोर अडकवला की ती रस्ता सांगायची, "पुढे डावीकडे वळा," "सरळ जात राहा." तिचं माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. लेकराला मी जन्मभर सांगत आले, बाबा नीट जा, सरळ जा. कधी ऐकलं नाही. आणि ही काल आलेली, हिनं वळ म्हणलं की हा वळतो!

तर ही गोष्ट खंडेनवमीची. लातूरला अप्पा म्हणून फुलांचे मोठे व्यापारी आहेत, त्यांनी बालाजीला झेंडूची खेप दिली होती. स्वतःच्या ट्रकची पहिली खेप! लोह्याकडच्या शेतांतला झेंडू आदल्या दिवशीच भरून आणला होता. अप्पांनी बजावलं होतं, "दुपारच्या आत माल लातुरात पाहिजे. दसऱ्याची फुलं लोकं आदल्या दिवशीच घेतात. उशीर केलास तर दिवाळीला माझ्या दारात येऊ नको." आणि दिवाळीची फुलं मिळाली तर वर्षभराचं काम मिळणार होतं. म्हणजे सगळं त्या एका दुपारवर आलं होतं.

पण मी अडून बसले. म्हणलं, "खंडेनवमीला हत्यारं पुजायची असतात, वापरायची नसतात. ट्रक हे तुझं हत्यार. आज जाऊ नको."

"माय, फुलं काय दसरा झाल्यावर नेऊ? लोकं सोन्याच्या पानासंग वाळला झेंडू वाटतील का?"

शेवटी मधला मार्ग काढला. ट्रक न्यायचा, पण मी पूजा मांडून देईन ती दसरा होईपर्यंत हलवायची नाही. तसं मी त्याच्याकडून वदवूनच घेतलं. मग समोरच्या फळीवर गव्हाची रास घातली, वर नारळ, पाच विड्याची पानं, सुपारी. चाकांना लिंबू. स्टेअरिंगला हळदकुंकू. मोबाइलमधल्या बाईला पण लावलं, भांडण असलं म्हणून काय झालं, सणाला माफ असतं. मग डबी आठवली. एवढी आपल्या लेकराची खबर देणारी डबी, ती उघडी कशी ठेवायची? खाली वाकून तिला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि पानानं पाणी शिंपडलं. थोडंसंच. (तांब्या निम्मा झाला होता, पण तांब्याच लहान होता.) वरून झेंडूची जाड माळ सोडली, डबी पार झाकून गेली.

"माय, जातो."

"जातो म्हणू नये, येतो म्हण. आन गाडी चालवताना फोन उचलायचा न्हाई. माझी आण हाय तुला."

"हाव. तुझा पण न्हाई उचलणार."

तो गेला आणि मी मोबाइल घेऊन ओट्यावर बसले. ठिपका लोह्याला पोचला. लोहा सोडलं. माळाकोळीच्या पुढं गेला आणि थांबला.

चहा प्याले. ठिपका तिथंच. भाजी निवडली. ठिपका तिथंच! मी फोन लावला, बालाजी उचलेना. (आण माझीच होती, पण आईची काळजी बघून आण मोडायला काय होतं?)

"सुवर्णा, ठिपका हलंना गं!"

"चहाला थांबले असतील, आत्याबाई."

"एवढा येळ चहा? काय चहाचा मळा लावून राहिला का तिथं?"

ह्यांनी पेपरातून मान वर न काढता म्हणलं, "ट्रक हाय तो. उभा राहतो कधी कधी."

एसटीतल्या माणसाला गाडी उभी राहिल्याचं काय वाटणार! मी लागलीच अहमदपूरला माझ्या धाकट्या बहिणीला, शांताला फोन केला. म्हणलं, "बालाजी तुझ्या गावावरून जायचाय, पण अजून माळाकोळीलाच अडकलाय. रस्त्यावर जाऊन उभी राहा. आला की पहिलं मला कळव." तेवढ्यावर मन भरलं नाही म्हणून पुढं चाकूरला बालाजीच्या सासरी पण फोन करून ठेवला.

शांता पदर खोचून हायवेवर जाऊन उभी राहिली. आणि बघते तर बालाजीचा ट्रक भरधाव येऊन राहिला! तिनं दोन्ही हात आडवे करून ट्रक थांबवला. मावशीच्या अंगावर ट्रक कोण घालणार? बालाजी खाली उतरून पाया पडला, म्हणला, "मावशी, घाईत हाय."

"खंडेनवमीला नवी गाडी दारात आली आन बिना पूजेची जाईल? लोकं काय म्हणतील मला?"

हायवेवरून ट्रक गल्लीत आला. शांतानं त्यातलाच झेंडू काढून हार केले, ट्रकला घातले, नारळ फोडला आणि बालाजीला ताटावर बसवलं. या सगळ्या गडबडीत मला कळवायचं राहून गेलं. शेवटी मीच फोन लावला.

"शांते, बालाजीचा काही पत्ता?"

"हाय की. जेवून राहिला."

"जेवून कसा राहिला? तो माळाकोळीला हाय!"

"आक्का, माझ्यासमोर बसलाय. आताच दुसरी पोळी वाढली."

आता इथं कुणी शहाणी बाई असती तर म्हणली असती, चला, पोरगं सुखरूप आहे, मोबाइल ठेवून द्यावा. पण माझ्या हातात ठिपका होता! मी शांताला म्हणलं, "बालाजी तुझ्याकडं आन ट्रक माळाकोळीला? म्हणजे ट्रक चोरीला गेला का काय?"

"आक्का, ट्रक माझ्या दारात उभा हाय."

"नंबर बघ. आपलाच हाय का?"

"आपलाच हाय गं! पुढं तुझं नाव लिवलंय, आईची कृपा!"

"मग माळाकोळीला कोण हाय?"

तेवढ्यात सुवर्णाच्या डोक्यात उजेड पडला. "आत्याबाई, डबी रस्त्यात पडली असंल! ट्रक पुढं गेला आन डबी तिथंच राहिली."

मला एकदम पटलं. नवी कोरी डबी, आणि ती हायवेच्या कडेला! मी शांताला म्हणलं, बालाजीला फोन दे.

"बालाजी, डबी पडली तुझी. माळाकोळीच्या पुढं, चढावर. जा, घेऊन ये."

"माय, ती स्क्रूनं बसवलेली हाय. कशी पडंल?"

"नकाशा खोटं बोलतोय का? बघ बरं खाली."

"खाली तुझी माळ हाय, वरती गहू, नारळ. कायबी उचललं तर तू म्हणशील पूजा मोडली."

"मोडायची न्हाईच! माळेला हात लावू नको. तू रस्त्यावर बघ."

आता बघा, माळ एक वीतभर सरकवली असती तर काम झालं असतं. पण शब्द म्हणजे शब्द. लेकरू माझ्या वळणावर गेलंय. तो ट्रक फिरवून मागं निघाला. आणि जसा मागं निघाला तशी ती मोबाइलमधली बाई सुरू झाली, "शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या." बालाजी नंतर सांगत होता, अख्खा रस्ता ती म्हणून राहिली, यू-टर्न घ्या, यू-टर्न घ्या. एक बाई म्हणते मागं जा, दुसरी म्हणते पुढं जा. "माय," तो म्हणला, "तिचं बराबर होतं हे मला तवाच कळत होतं. पण तिनं मला जन्म दिलेला न्हाई ना."

माळाकोळीच्या पुढं चढावर त्यानं ट्रक उभा केला आणि रस्त्याच्या कडेनं खाली बघत फिरत बसला. गुरं घेऊन एक म्हातारे चालले होते. त्यांनी विचारलं, "काय हुडकून राहिलास बाबा?"

"ट्रक हुडकायची डबी."

म्हाताऱ्यानं ट्रककडं बघितलं, बालाजीकडं बघितलं. म्हणले, "ट्रक तर हितंच हाय की."

आणि घरी मी मोबाइलवर बघत होते. ठिपका माळाकोळीला. बालाजीचा फोन आला, "माय, पोचलो." मी आनंदानं म्हणलं, "आता बराबर दाखवून राहिलाय बघ!"

डबी काही सापडली नाही. कशी सापडेल? दुपार कलली. बालाजी रडकुंडीला आला, म्हणला आता कुठंच थांबणार नाही, सरळ लातूर. मी म्हणलं, हाव बाबा, जा, अजिबात थांबू नको. आणि चाकूरला फोन करून ठेवलाय हे मी साफ विसरले.

चाकूरवाले विसरले नव्हते. व्याही सकाळपासून फाट्यावर खुर्ची टाकून बसले होते! सोबत भावकी, हलगीवाला, आणि घरी पुरणाचा स्वयंपाक. बालाजीनं लांबूनच हात जोडले, "मामा, लई उशीर झाला, येताना येतो."

व्याही रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. "जावईबापू, पहिली गाडी घेऊन दारावरून उपाशी जाताव? गावानं तोंडात शेण घालावं आमच्या?"

जावयाचं एक बरं नसतं. मावशीला हळूच नाही म्हणता येतं, सासऱ्याला येत नाही. पुन्हा पूजा झाली, पुन्हा त्यातल्याच झेंडूचे हार झाले. बालाजीला टॉवेल-टोपीचा आहेर झाला. विहीणबाईंनी तर मोबाइलला एवढं कुंकू लावलं की नकाशा लालेलाल झाला. तिथून पुढं ती बाई नुसती बोलायची, दिसायची काही नाही.

ट्रक लातुरात शिरला तेव्हा दिवेलागण झाली होती. अप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते. समोरून एक ट्रक आला, त्याचं तोंड दिसेना. काचेवर हार, आरशांना हार, बंपरला हार, आणि मधल्या फटीतून टोपी घातलेला बालाजी.

अप्पा म्हणले, "ही खेप हाय का वरात?"

"खेप, अप्पा."

"माझ्या दुकानात उतरतील त्याच्यापेक्षा जास्त फुलं तर तू अंगावर घालून आलास."

बालाजीनं काही लपवलं नाही. ठिपका, मावशी, डबी, सासरा, सगळं सांगितलं. अप्पा हसले नाहीत. दुसऱ्या ट्रकाचा माल सकाळीच विकून झाला होता, हा आता रात्री पडत्या भावानं काढावा लागणार होता. ते म्हणले, "तुझी गाडी बंद पडली न्हाई, तू झोपला न्हाईस, दारू प्याला न्हाईस. आता तुला बोलू काय? दिवाळीला ये. पण एक सांगतो. चालू डबी बसवून आण. आन ठिपका मी बघीन. घरचं कुणी न्हाई."

बालाजीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला आणि मान खाली गेली, दोन्ही एकदम.

दसरा झाला, सोनं वाटलं, आणि मग बालाजीनं पूजा उतरवली. मी, सुवर्णा आणि आमचे हे ट्रकपाशी उभे. माळ काढली. माळेच्या मागं डबी! जिथं बसवली होती तिथंच, चारी स्क्रू घट्ट. मी म्हणलं, "बघा! देवानंच आणून ठेवली!" बालाजीनं स्क्रू काढायला घेतले.

डबी बसवून देणाऱ्या माणसाकडं आम्ही ती घेऊन गेलो. त्यानं झाकण उघडलं आणि टेबलावर उपडी केली. आधी पाणी आलं, लाल. मग तांदूळ. मग झेंडूची एक पाकळी. तो म्हणला, "अशी केस मी पहिल्यांदाच बघून राहिलो. हे कुणी केलं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या दुकानातल्या पंख्याकडं बघितलं.

"नवी बसवावी लागंल," तो म्हणला. "हिला पाण्यापासून जपायचं, धुळीपासून जपायचं, जास्त गरम होऊ द्यायची न्हाई."

बालाजी म्हणला, "ते सगळं जमंल. मायचा हात जिथं पोचत न्हाई, तेवढी जागा हुडकून द्या."