घासून आणलेली फुलदाणी

ती फुलदाणी बाईंनी मला वर्गात दाखवायला आठ दिवसांसाठी दिली होती. बाई आता निवृत्त आहेत, पण त्यांनी शिकवलं म्हणून मी आज कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना डिझाइनचा इतिहास शिकवते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

फुलदाणी फिनलंडची, साठच्या दशकातली. बाईंनी तरुणपणी तिथल्या जुन्या बाजारात घेतलेली. जाड काचेची, वीतभर उंच आणि बाहेरून झाडाच्या सालीसारखी खडबडीत. तापलेली काच लाकडी साच्यात फुंकली की साचा आतून जळतो आणि जळक्या लाकडाच्या रेघा काचेवर उठतात. पुढच्या वेळी साचा आणखी जळलेला असतो, त्यामुळे दोन फुलदाण्या कधी सारख्या निघत नाहीत. तळाशी ती घडवणाऱ्याची सही कोरलेली होती.

हे सगळं मी वर्गात चाळीस मिनिटं रंगून सांगितलं. नवागामच्या कामगार वस्तीतल्या आमच्या घरात मात्र एवढंच बोलले, की वस्तू बाईंची आहे, कुणी हात लावू नका.

शनिवारी कॉलेजातून आले तर वडील आणि शेजारचे भाई दारातच माझी वाट बघत उभे. वडिलांची सारी उमर कापडाच्या लूमवर गेली. भाई सौराष्ट्रातले, हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर बसतात. वडिलांच्या हातात फुलदाणी होती. तिची एक अख्खी बाजू आरशासारखी गुळगुळीत झाली होती.

"तुनी बाईनी वस्तू अर्धीच व्हती, माय," वडील म्हणाले. "पुरी करी लयनू."

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. वाटी आली तर निदान साखर घालून जाते. फुलदाणीत काय घालायचं हे वडिलांना सुचेना, म्हणून त्यांनी तीच सुधारून द्यायचं ठरवलं होतं. लूमवर कापडाला गाठ राहिली की माल सेकंडमध्ये, म्हणजे खोटीचा म्हणून कमी भावात जातो. त्यांच्या बोटांना ती काच सेकंडची लागली. भाईंनी पाळी संपल्यावर थांबून काम केलं होतं, एक पैसा घेतला नव्हता, आणि उरलेल्या बाजू रविवारी करून देतो म्हणत होते.

मी फुलदाणी उलटी करून पाहिली. तळही घासलेला. सही गेली होती.

मी संतापले होते. पण ओरडू कुणावर? दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, छान झालीये, आता एवढंच पुरे. चहा टाकायला आत गेले आणि गॅस न पेटवता ओट्याशी उभी राहिले.

रविवार यायच्या आत फुलदाणी घरातून निघायला हवी होती. त्याच संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. माफी मागितली. बाईंनी फुलदाणी मांडीवर घेतली. खडबडीत बाजूवरून अंगठा फिरवत गुळगुळीत बाजूवर आणला, मग तळाशी सही शोधली.

"वडिलांना तू काय सांगितलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"हात लावू नका म्हणून."

"आणि वर्गातल्या मुलांना?"

बाईंनी फुलदाणी कपाटात ठेवली, गुळगुळीत बाजू भिंतीकडे करून. पुढच्या वेळी वडिलांना घेऊन ये म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

याला आता तीन महिने झाले. वडिलांना मी अजून बाईंकडे नेलेलं नाही. जेवताना कधीतरी ते विचारतात, "बाईले आवडनी का?" मी आवडली म्हणते. वर्गात ज्या काचेवर मी चाळीस मिनिटं बोलू शकते, तिच्याबद्दल माझ्या बापाशी बोलायला मला एक वाक्य जुळवता येत नाही. ते समाधानाने मान डोलावतात, माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढतात, आणि मी ती स्वतःवरच चिडून खाते.