अकरा स्क्रूंची कंपनी

माझ्या मुलाला, केदारला, कंपन्यांचे ताळेबंद वाचता येत नाहीत. तो यंत्राचं पोट उघडून बघतो आणि कंपनी कशी आहे ते सांगतो. माजिवड्याला त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. होतं, असं लिहायची सवय मला अजून लागलेली नाही.

अक्षांश कॉम्प्युटर्सचा लॅपटॉप त्याने पहिल्यांदा उघडला त्या दिवशी जेवताना तो म्हणाला होता, "आई, अकरा स्क्रू, आणि सगळे एकाच मापाचे! बनवणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्याचा विचार केलाय गं." बारावीला दोनदा गणितात नापास झालेला मुलगा. एवढ्या आनंदाने तो कुणाच्या माणुसकीबद्दलही बोलला नव्हता.

दुकानाचा गाळा भाड्याचा. मालक भगवानशेठ म्हणाले होते, पुढच्या दिवाळीला गाळा विकणार, पहिला हक्क तुझा. पैसे थोडे कमी पडत होते. ते वर्षभरात वाढावेत म्हणून केदारने नऊ वर्षांची सगळी बचत अक्षांशच्या शेअरमध्ये घातली. लक्ष्मीपूजनाला बाजार मुहूर्तापुरता तासभर उघडतो, तेव्हा. मी त्याच्या मोबाइलला हळदकुंकू लावलं. त्याचं बघून वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत चौघांनी तोच शेअर घेतला.

मार्चमध्ये अक्षांशचं नवं मॉडेल त्याच्या टेबलावर आलं. खालचं झाकण चिकटवलेलं, मेमरी आतच कायमची सोल्डर केलेली, बदलताच येणार नाही अशी. केदार घरी आला तो न जेवता बसून राहिला.

"यांनी रस्ता बदललाय, आई. सोमवारी विकून टाकतो."

तेव्हा भाव फारसा उतरला नव्हता. मी रसायनशास्त्राची पदवीधर, साधी चतुर्थी पाळत नाही. तरी माझ्या तोंडून निघालं, "लक्ष्मीपूजनाला घरात आलेली लक्ष्मी वर्षाच्या आत बाहेर काढू नये रे. पुढचं पूजन होऊ दे."

त्याने ऐकलं. एरवी माझं काही ऐकत नाही.

जूनपासून शेअर घसरत गेला. ऑगस्टमधल्या एका रविवारी सोसायटीच्या ऑफिसात शेअर घेतलेले सगळे जमले, केदारबरोबर मीही गेले. बँकेतून निवृत्त झालेले गोपीनाथकाका ठासून सांगत होते, "लॅपटॉपमध्ये राहिलंय काय आता? कंपनी डेटा सेंटरना मोठी मशिनं विकणार. दूरदृष्टी आहे ही! पडतोय तर अजून घ्या, ॲव्हरेज करा."

"काका, ॲव्हरेज करत करत तुम्ही तळघरात पोचलात," शाळेत शिकवणारी सरोज म्हणाली. "आणि ज्यांना चार स्क्रू परवडेनात, ते डेटा सेंटरवाल्यांना काय विकणार?"

"तुला धंद्यातलं कळतं का गं?"

"नाही ना! म्हणून तर तुमचं ऐकून अजून शेअर घेतले."

सगळे हसले. मग काका केदारकडे वळले. "अरे, तू बोल की. स्क्रू दाखवून तूच आम्हाला यात उतरवलंस."

"मला मार्चमध्येच कळलेलं, काका."

सरोजने विचारलं, "मग विकलेस का नाही? आम्हाला तरी सांगायचंस."

केदारने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीची कड धरून बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, फार तर दोन.

"आळस केला," तो म्हणाला.

काका जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने खाली मान घालून ऐकलं, मीही ऐकलं.

दिवाळीत भगवानशेठनी गाळा एका मोबाइलवाल्याला दिला. केदारच्या शेअरचे जे आले त्यात गाळ्याची अर्धी किंमतही निघत नव्हती. आता तो कल्याणला अक्षांशच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करतो. तिथे मशीन उघडायला बंदी आहे. बिघडलेलं खोक्यात घालून पाठवायचं, गिऱ्हाइकाला नवीन द्यायचं. पूर्वी जेवताना तो मशिनांबद्दल बोलायचा. आता विचारलं तर "होतं काम" म्हणतो.

आज सकाळी तो निघताना त्याचा डबा पिशवीत घालत मी म्हटलं, "रविवारी मी सगळ्यांना सांगणार आहे, तुला मीच थांबवलं होतं म्हणून."

तो बुटाची नाडी बांधत होता.

"कशाला, आई? मला विकायचे असते तर मी विकले असते." मग पिशवी उचलत म्हणाला, "उद्यापासून डबा नको देऊस. तिथे कॅन्टीन आहे."